‘गेट’ म्हणजे ‘मिळवणे’, मग पावसात काय मिळवलं?

गेल्या वेळी ‘टेक’ या क्रियापदाबद्दल लिहिताना शेवटी म्हटलं होतं की ‘गेट’वर काही अडत असेल तर कळवा. टपाल आलं ते बघून मी दोन दिवस नुसती वाचतच बसले. चौतीस वर्षं कोरेगाव तालुक्यात इंग्रजी शिकवलं, पण एका क्रियापदाने इतक्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांना छळलं असेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. ज्या प्रश्नांत इतरांचेही प्रश्न मिसळलेले आहेत असे निवडले आहेत.

प्रश्न : बाई, सहा महिने झाले, मुलाकडे पुण्याला आहे. घरात नातवंडांशी इंग्रजीच बोलतात. दाराची बेल वाजली की सून म्हणते, ‘आय विल गेट इट’. मी विचारलं, काय मिळणार आहे? तर नातू हसला. मुलगा फोनवर रोज कुणाला तरी ‘आय विल गेट बॅक टू यू’ म्हणतो. मला वाटलं, कुठेतरी परत जाणार आहे. (इचलकरंजीच्या एक आजी)

आजी, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. बेल वाजल्यावर जे काम समोर येऊन पडतं, ते म्हणजे तो ‘इट’. दार असेल तर ‘मी उघडते’, फोन असेल तर ‘मी घेते’. आपण नाही का म्हणत, ‘तू बस, मी बघते’? तिथे ‘बघणं’ डोळ्यांचं नसतं, काम अंगावर घेण्याचं असतं. सूनबाई म्हणतात त्याचा अर्थ एवढाच, की ‘मी बघते’.

‘गेट बॅक टू यू’ म्हणजे ‘नंतर कळवतो’. उत्तर घेऊन तुमच्याकडे परत येईन, असा त्याचा आतला भाव. नुसतं ‘गेट बॅक’ म्हटलं तर तुमचाच अर्थ बरोबर. ‘आय विल गेट बॅक बाय सेव्हन’ म्हणजे सातपर्यंत घरी येईन. ‘टू यू’ हे दोन शब्द जोडले की माणसाऐवजी निरोप परत येतो. पुढच्या वेळी बेल वाजली की तुम्हीच ‘आय विल गेट इट’ म्हणून उठा. नातू बघत राहील.

प्रश्न : मी एसटीत कंडक्टर आहे, कोकणातल्या मार्गावर. गोऱ्या पर्यटकांचा थांबा आला की ‘गेट डाउन हिअर’ म्हणतो आणि ते उतरतात. बारावीतली मुलगी म्हणते, बाबा, हे चूक आहे. ते उतरतात म्हणजे त्यांना कळतं, मग चूक कसं?

तुम्ही म्हणता तेही खरं आणि मुलगीही खरी. ‘गेट डाउन’ हे आपल्या देशातलं इंग्रजी आहे. बसमधून ‘खाली उतरायचं’ असतं, म्हणून आपण ‘डाउन’ म्हणतो. मुंबईपासून चेन्नईपर्यंत सगळे म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. माझ्या मते आपसात बोलताना त्याला चूक म्हणू नये. पण इंग्लंड-अमेरिकेतला माणूस बस, रेल्वे, विमान यांतून ‘गेट ऑफ’ करतो आणि मोटार, टॅक्सी, रिक्षा यांतून ‘गेट आउट’.

यातली खूण सोपी आहे. ज्या वाहनात उभं राहून चार पावलं चालता येतं त्याला चढताना ‘ऑन’, उतरताना ‘ऑफ’. ज्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं त्याला ‘इन’ आणि ‘आउट’. छोट्या होडीत ‘गेट इन’, मोठ्या बोटीवर ‘गेट ऑन’. घोडा आणि सायकल यांवर चालता येत नाही, पण आपण त्यांच्या वर बसतो, म्हणून तिथेही ‘ऑन’ आणि ‘ऑफ’च. मराठी माणसाची चूक होते ती बसपाशी, कारण आपण ‘बसमध्ये’ चढतो आणि ‘बसमधून’ उतरतो. घोड्यावर आणि सायकलवर चूक होत नाही, तिथे आपलं ‘वर’ आणि त्यांचं ‘ऑन’ एकच आहे.

तुमच्या कामात एक गोष्ट मात्र खरंच जपण्यासारखी आहे. ‘गेट डाउन!’ असं मोठ्याने, तोडून ओरडलं तर त्या लोकांच्या कानाला ते ‘खाली वाका, डोकं खाली घाला’ असं ऐकू येतं. धोक्याच्या वेळी ते हेच ओरडतात. आणि नुसतं ‘गेट ऑफ!’ म्हटलं तर ‘उतर खाली’ असं खडसावल्यासारखं होतं. त्यापेक्षा ‘धिस इज युअर स्टॉप’ म्हणा. पाठीवर जड पिशवी अडकवलेला माणूसही शांतपणे उतरेल.

प्रश्न : मी दहावीत आहे. निबंधात ‘गेट’ लिहिलं की आमचे सर लाल रेघ मारतात. म्हणतात, हा आळशी शब्द आहे, ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ लिहा. पण ऐकावं तिकडे इंग्रज लोक ‘गेट’च म्हणतात. खरं काय? (वाई)

तुझा प्रश्न वाचून मला माझ्याच लाल रेघा आठवल्या. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मीही त्या मारल्या. मला माझ्या शिक्षकांनी तसंच शिकवलं होतं आणि मी ते पुढे चालवलं. ज्या मुलांचे गुण त्यापायी गेले, त्यांच्यावर अन्याय झाला असं मला आज वाटतं.

त्या रेघा थांबल्या त्याचं कारण एक मुलगी. आठवीचा वर्ग, जुलै महिना, पत्र्यावर पाऊस असा की माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. ती दारात उभी, दप्तर पोटाशी धरलेलं, वेण्यांतून पाणी गळतंय. आत येऊ का, हे इंग्रजीत विचारायचा आमचा नियम होता. तिने तेही विचारलं आणि उशिराचं कारणही इंग्रजीतच द्यायचं म्हणून म्हणाली, ‘आय गॉट रेन’. मी म्हटलं, ‘गॉट रेन नाही, आय गॉट वेट’. ती जागेवर बसली, ओढणीने वही पुसली आणि हात वर केला. ‘बाई, पुस्तकाच्या मागे ‘गेट म्हणजे मिळवणे’ दिलंय. मग मी पावसात काय मिळवलं? भिजणं का कुणी मिळवतं?’

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. घरी गेल्यावर सुचलं, आणि ते तिने दिलेल्या शब्दांतूनच सुचलं. मराठीत पुष्कळ गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याकडे येतात. मला ताप आला. मला राग आला. मला पत्र मिळालं. मला कळलं. या सगळ्या वाक्यांत मी ‘मला’ आहे, कर्ता कुणी दुसराच आहे: ताप, राग, पत्र. इंग्रजीला मात्र माणूस पुढे बसवायची सवय. मग ज्याने काहीच केलं नाही त्याला कर्त्याच्या जागी बसवायचं तर क्रियापद कुठलं वापरायचं? ते हे. ‘आय गॉट अ फीव्हर’, ‘आय गॉट अँग्री’, ‘आय गॉट अ लेटर’, ‘आय गॉट इट’. मराठीतला ‘मला’ इंग्रजीत ‘आय गॉट’ होतो, असं मी त्या वर्गाला दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं. दरवेळी चालेल असा नियम नाही तो, पण दार उघडायला पुरतो.

आणि मग मला दिसलं की आपल्याकडे ‘गेट’ची सख्खी बहीणच आहे: ‘लागणे’. बघ:

नोकरी लागली: ‘गॉट अ जॉब’. फोन लागला नाही: ‘कुड नॉट गेट थ्रू’. सवय लागली: ‘गॉट यूज्ड टू इट’. खेळताना लागलं: ‘गॉट हर्ट’. गाव आवडायला लागलं: ‘गॉट टू लाइक द प्लेस’. आता निघायलाच लागेल: ‘आय हॅव गॉट टू गो’. कामाला लागा: ‘गेट टू वर्क’.

मोल्सवर्थच्या १८५७च्या मराठी-इंग्रजी कोशात ‘लागणें’ ही नोंद काढून बघ, अर्थांमागून अर्थ दिलेले आहेत. त्या लांबलचक नोंदीमुळे ‘लागणे’ला कुणी आळशी म्हणत नाही. जो शब्द दिवसभर राबतो त्याचे अर्थ वाढतातच.

‘भूक लागली’ला मात्र थांब. ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘आय ॲम हंग्री’, कारण भूक येऊन बसलेली आहे. ‘भूक लागायला लागली’ म्हणजे ‘आय ॲम गेटिंग हंग्री’. ‘गेट’ बदल दाखवतं, कोरड्यातून ओल्यात, शांततेतून रागात. बदल होऊन गेला की मग ‘ॲम, इज, आर’. त्या मुलीला दारातच भिजलेली पाहून मी ‘यू आर वेट’ म्हणू शकत होते. ती ‘आय गॉट वेट’ म्हणाली असती, कारण भिजण्याचा प्रवास तिने केला होता.

तुझ्या सरांचं म्हणणं अर्ध्यापुरतं मान्य कर. मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना, बँकेला पत्र लिहिताना ‘आय रिसीव्ह्ड युअर लेटर’ शोभतं. मामाला लिहिताना तेच लिहिलंस तर मामाला वाटेल, पोराचं काही बिनसलंय. आणि ‘आय ऑब्टेन्ड फीव्हर’ असं कुणी कुठेच लिहीत नाही. माझ्या वर्गात मुलांनी ते लिहिलं होतं, माझ्या लाल रेघेच्या भीतीने. परीक्षेपुरतं सरांचं ऐक, बोलताना बिनधास्त ‘गेट’ म्हण.

प्रश्न : मी मिरजेला नर्स आहे, इंग्लंडला जाण्यासाठी ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा) देणार आहे. बोलण्याच्या परीक्षेत रुग्णाशी संवाद असतो. ‘मेक द पेशंट टेक द टॅब्लेट’ आणि ‘गेट द पेशंट टू टेक द टॅब्लेट’ यांत फरक काय? आणि ‘ही गॉट अ स्ट्रोक’ बरोबर आहे का?

फरक मोठा आहे, आणि तुमच्या पेशात तो माणुसकीचा आहे. ‘मेक’मध्ये जोर आहे: नको म्हणत असताना घ्यायला लावली. ‘गेट’मध्ये समजावणं आहे: दोन वेळा नाही म्हणाल्या, मग शेजारी बसून, मुलाचं नाव काढून, घोटभर पाणी देऊन गोळी घ्यायला तयार केलं. मराठीत एक छान शब्द आहे, ‘बाबापुता करून’. ‘गेट’ म्हणजे ते. व्याकरणात एक छोटा काटा आहे, तो लक्षात ठेवा: ‘मेक’नंतर ‘टू’ येत नाही, ‘गेट’नंतर येतोच. ‘मेक हिम सिट’, पण ‘गेट हिम टू सिट’.

दुसऱ्याकडून करवून घेतलं तर रचना बदलते: ‘गेट द ब्लड टेस्टेड’, रक्त तपासून घ्या. ‘आय गॉट माय हेअर कट’, केस कापून घेतले. आपल्याकडे सर्रास ‘आय कट माय हेअर’ म्हणतात. त्याचा सरळ अर्थ, आरशासमोर कात्री घेऊन मीच कापले. परीक्षकाला तुमचं म्हणणं कळेल, पण तुम्ही ‘गॉट’ म्हणालात तर तुमचा कान तयार आहे हे त्याला जाणवेल.

‘स्ट्रोक’ला ‘हॅड’ वापरा: ‘ही हॅड अ स्ट्रोक’, ‘शी हॅड अ हार्ट ॲटॅक’. सर्दी, फ्लू, खोकला यांना ‘गेट’ चालतं, कारण ती लागण होते. झटका येऊन जातो, त्याला ‘हॅव’. अपघातालाही ‘हॅड ॲन ॲक्सिडेंट’. ‘गॉट ॲन ॲक्सिडेंट’ टाळा.

बरं होणं ‘गेट बेटर’, बिघडणं ‘गेट वर्स’. ‘गेट ओव्हर’ म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणं. नातेवाइकांना ‘यू विल गेट ओव्हर इट’ असं लगेच म्हणू नका. ज्याचं माणूस गेलंय त्याला ते ‘विसरशील रे’ म्हटल्यासारखं टोचतं. ‘आय ॲम सो सॉरी’ पुरे. तुमच्या परीक्षेला मनापासून शुभेच्छा.

प्रश्न : फाटकाचं ‘गेट’ आणि क्रियापदाचं ‘गेट’ मराठीत एकच लिहितो. बोलण्यात फरक करायचा कसा? शब्दांचं काही नातं आहे का?

लिपीत फरक दिसत नाही, कारण आपल्याकडे ‘ए’ एकच आहे. क्रियापदात तो आखूड असतो, ‘बेल’ किंवा ‘पेन’ म्हणताना येतो तसा, चटकन तुटणारा. फाटकात तो लांब असून शेवटी ‘इ’कडे झुकतो, जवळजवळ ‘गेइट’. मोठ्याने दोन्ही म्हणा, ओठ थोडे मागे ताणले जातात तो फाटकाचा.

नात्याबद्दल विचारलंत याचा मला फार आनंद झाला. क्रियापद इंग्रजांच्या घरचं नाही. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात लुटायला आले आणि बरेचसे तिथेच शेती करून राहिले. त्यांच्या भाषेतलं ‘गेटा’ म्हणजे हाती लागणं. इंग्रजांकडे याच कुळातलं क्रियापद होतं, पण त्यातला ‘ग’ मऊ होऊन ‘य’कडे सरकला होता. शेजाऱ्यांचा कडक ‘ग’ टिकला. ‘गिव्ह’चीही तीच कथा. ‘टेक’, ‘एग’, ‘स्काय’, ‘नाइफ’, ‘दे’ हे त्याच लोकांकडून आले. ‘विंडो’ही, त्यांच्या भाषेत तो होता ‘वाऱ्याचा डोळा’. ‘फरगेट’मध्ये तर ‘गेट’ आतच बसलं आहे: हातात धरलेलं निसटणं.

फाटकाचं ‘गेट’ मात्र जुन्या इंग्रजीतलं. घोटाळा वाढवायला व्हायकिंगांचा तिसरा एक शब्द होता, ‘गाता’, म्हणजे रस्ता. यॉर्क हे शहर त्यांनी ८६६ साली घेतलं. तिथल्या जुन्या रस्त्यांच्या नावांना आजही ‘गेट’ लागतं: स्टोनगेट, कॉपरगेट. कॉपरगेट म्हणजे तांबट आळी वाटेल, पण ती लाकडाचे पेले कातणाऱ्यांची आळी. आणि तटबंदीच्या दरवाजांना तिथे ‘बार’ म्हणतात. कासार आळी, बुरुड आळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच आपलंसं वाटेल.

प्रश्न : न्यू जर्सीची नात ‘गॉटन’ म्हणते. आम्ही ‘गॉट’ शिकलो. कोण चुकतंय? (नाशिक)

कुणीच नाही. ‘गॉटन’ जुनं रूप आहे. इंग्लंडमध्ये ते मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. देश सोडून गेलेली माणसं कधी कधी भाषा जास्त जपतात, तंजावरच्या मराठी घरांत इथे विसरलेली रूपं ऐकू येतात तशी. तुमच्या ‘फरगॉटन’मध्ये ते रूप आजही आहे. अमेरिकेत ‘आय हॅव गॉट अ बाइक’ म्हणजे माझ्याकडे आहे, आणि ‘आय हॅव गॉटन अ बाइक’ म्हणजे नुकतीच मिळाली. नातीशी बोलताना एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

प्रश्न : भावांचं पटत नाही, पगारात भागत नाही, खोटं बोलून पचवलं: हे इंग्रजीत कसं म्हणायचं? (बार्शी)

तिन्ही ‘गेट’नेच. ‘दे डोन्ट गेट अलाँग’. ‘वी कॅनॉट गेट बाय ऑन धिस सॅलरी’. ‘ही लाइड अँड गॉट अवे विथ इट’. भावांचं पटायला लागलं तर कळवा, त्याचंही इंग्रजी सांगेन.

प्रश्न : माझं वय ७१. नातवाबरोबर इंग्रजी शिकतोय. ‘आय ॲम ओल्ड’ म्हणू की ‘आय ॲम गेटिंग ओल्ड’? (अंबाजोगाई)

‘आय ॲम ओल्ड’ म्हणजे म्हातारा आहे. ‘गेटिंग ओल्ड’ म्हणजे म्हातारा होत चाललोय, अजून वाटेत आहे. आणखी एक आहे, ‘आय ॲम गेटिंग ऑन’. याचा एक अर्थ वय होत चाललंय, आणि दुसरा, काम नीट पुढे चाललंय. नातवाला विचारायला सांगा, ‘आजोबा, हाउ आर यू गेटिंग ऑन विथ युअर इंग्लिश?’ उत्तर द्या, ‘आय ॲम गेटिंग ऑन वेल’. पुढचं पत्र इंग्रजीत लिहा, मी वाट बघते.